छत्री पोचवायला गेले तेव्हा

कर्किटकाचा अकरावा दिवस. समुद्र बंद.
बांगडा आलाच तर बर्फातला, आणि भाव सोन्याचा.
वहाणांवर बुरशी, पंख्याच्या पात्यांवर बुरशी,
निकाहाच्या फोटोतल्या नवऱ्याच्या टोपीवरही
हिरवट एक ठिपका धरलाय.

आणि तो, आलिक्कोया, छत्री विसरून गेला.
दर गुरुवारी विसरतो.
गुरुवारी त्याच्या डोक्यात नुसती पेटी वाजते.
अडतीस वर्षं सांगतोय, इंबिच्ची,
वलियंगाडीच्या त्या माडीवर
माझ्या बोटांशिवाय मैफल उभी राहत नाही.

सून म्हणाली, उम्मा, एवढ्या पावसात कशाला?
मी म्हटलं, म्हाताऱ्याची छाती भरेल.
खरं तर मला बाहेर पडायचं होतं.

कुट्टिच्चिऱ्याचं तळं काठोकाठ.
पोरं पायऱ्यांवरून पाण्यात,
आभाळ पोरांवर,
कोण कुणाला भिजवतंय कळेना.
वाट वाकडी करून हलव्याच्या गल्लीत गेले.
लाल, काळे, हिरवे हलवे काचेमागे
ओल्या दगडांसारखे चमकत होते.
तीन चाखले, एकही घेतला नाही.
दुकानदाराच्या पोराने हसून चौथा पुढे केला.

मग समुद्रावर. तिथे काय काम होतं माझं?
काहीच नाही.
निळ्या ताडपत्रीखाली एकच गाडी,
बरणीत खारवलेलं अननस, आवळे, गाजरं.
समुद्र मातकट, कुणाचं ऐकून न घेणारा.
माझी छत्री वाऱ्याने एका फटक्यात उलटी केली,
मग त्याची उघडली
आणि अननस शेवटच्या चोथ्यापर्यंत चघळलं,
तिखटाने कान तापले, कुणी बघत नव्हतं.

दिवे गेले तेव्हा कुठे गोदामाचा जिना आठवला.
खाली तांदूळ, वर सूर. मध्ये
मिरी आणि ओल्या गोणपाटाचा वास,
आणि कठड्याऐवजी एक दोरखंड.
या जिन्याबद्दल ऐकत म्हातारी झाले,
पाय मात्र आज ठेवला.

पाचच माणसं आली होती.
हंसक्कोया सैल पडलेला तबला
मेणबत्तीवर पापडासारखा शेकत होता.
अवरान हमाल, दिवसभर “बाजू, बाजू” ओरडणारा,
डोळे मिटून असं काही गात होता
की गोणी उतरवताना माणूस हळू श्वास सोडतो, तसं.
जुनी गझल. निम्म्या शब्दांचा अर्थ
त्यालाही ठाऊक नसावा, पण दुखत बरोबर जागी होतं.
आणि पेटीवर?

पेटीवर वेलायुधन शिंपी.

माझा नवरा कोपऱ्यात, स्टोव्हपुढे उकिडवा,
लवंग मोजून टाकत होता. एक, दोन.
लिंबू पिळताना बी बोटाने अडवत होता.
सुलैमानीचा रंग उजेडाशी धरून बघत होता,
जसा जवाहिऱ्या खडा बघतो.
घरात या माणसाने कधी पाणी तापवलं नाही.

वर पाहिलं. मला पाहिलं.
अंतरा संपेपर्यंत तसाच राहिला, चमचा हवेत.
मग कुणी काही बोलायच्या आत
पहिला पेला माझ्या हातात आला,
पदराने धरावा लागला इतका गरम.
मी पोत्यांच्या थप्पीला टेकून प्यायले.
पत्र्यावर पाऊस होता, तो सम चुकवत नव्हता.
असा चहा मी जन्मात प्यायले नव्हते.

परतताना गुडघाभर पाणी.
आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध,
कारण गटारं कुठे, दिसत नव्हतं.
“आज पेटी जरा दमट होती,” तो म्हणाला.
“हो,” मी म्हटलं.
छत्री वरच राहिली होती, कॅरम बोर्डावर, सुकत.

घरी येऊन ओले कपडे बदलले,
चहा मीच टाकला, नेहमीसारखा.
एक घोट घेऊन तो थांबला.
“लवंग कमी पडली,” म्हणाला.

मी म्हटलं, “असेल. मला कुठे येते पेटी.”