रूताला, नववा लागल्यावर

वहीत लिही, हवं तर तुझ्या लिपीत:
जुनी सुती लुगडी तीन, दोनदा उकळून,
कडक उन्हात वाळवून, पिशवीत बांधून.
दोन बादल्या. टॉर्च, सेल नवे,
मांद्र्याची वीज ऐन वेळी रुसते.
गाडीत पेट्रोल भरलेलं, गाडीचं तोंड रस्त्याकडे.
आणि म्हापशाच्या इस्पितळाची फाइल
दाराच्या खुंटीला, तुझ्या टोपीशेजारी.

तू हसतेस. फाइल कशाला, म्हणतेस, तू आहेस ना.
मी आहे. पण मी
एकतीस वर्षं आरोग्य केंद्रात नोकरी केलेली बाई,
देवचार उतरवणारी नव्हे.
रक्त थांबलं नाही तर तुझा हट्ट ऐकणार नाही,
हेही लिही.
खाली सही कर.

आता पड उताणी, जरा वेळच.
हा लाकडी भोंगा: एक तोंड तुझ्या पोटाला,
दुसऱ्याला माझा कान.
बाहेर पोदेर आलाय, पों पों लावलंय त्याने,
आतला घोडा बधत नाही.
एकशे चाळीस.
डोकं खाली, पाठ डावीकडे. शहाणं आहे.

तुझं नाव आमच्याकडे क्रियापद आहे, ठाऊक आहे?
काटा रुततो. ओहोटीच्या वाळूत पाय रुततो.
तुमच्यात तो कडू पाल्याचा झुडपा,
नवरीच्या डोक्यावर माळतात, म्हणालीस.
असू दे, दोन्ही असू दे.

परवा तू विचारलंस, कळ म्हणजे काय.
पोटात येते ती कळ.
दिव्याची असते तीही कळ, दाबली की उजेड.
आणि कळलं म्हणजे समजलं.
तिन्ही एका ओळीत लिहून घेतलंस,
मग पेन चावत म्हणालीस, पहिली किती वेळ?
पहिलटकरणीची रात्र जाते, खोटं कशाला सांगू.
कळ काढायची, असं म्हणतो आम्ही.
कुठून काढायची ते मलाही सांगता यायचं नाही.

तोमासला म्हणावं, पाणी उकळणं हे सिनेमातलं काम.
त्याने तुझी कंबर दाबायची,
इथे, माकडहाडाच्या वर, तळहाताच्या टाचेने.
आणि तू शिव्या घातल्यास तर हात काढायचा नाही.

तुझी आई काल फोनवर लोकरीचं टोपडं दाखवत होती.
इथे मे चाललाय, हे मी बोलले नाही.
ती रडली, आणि चित्र तिथेच गोठलं,
तोंड उघडं, डोळे मिटलेले.
फोन उलटा ठेवून तू मला म्हणालीस,
तुला नाही समजायचं, तू तुझ्याच गावात आहेस.

ऐक तर.
माझी आई आरोंद्याची, नदीपलीकडची.
लग्न होऊन होडीने अलीकडे आली, किरणपाण्याला.
पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलं,
ओटी भरली की मुलगी निघते.
त्या वर्षी इकडे पोर्तुगीज, तिकडे भारत,
मधली वाट बंद. होड्या पालथ्या.
आई रोज दिवेलागणीला काठाशी जाऊन बसे.
पलीकडे तिच्या आईच्या चुलीचा धूर,
हाकेच्या अंतरावर.
तिने हाक मारली नाही. शिपाई होता.
मी झाले ती इंगू वैजिणीच्या हातांवर,
जिला आईने आदल्या आठवड्यापर्यंत पाहिलंही नव्हतं.
आजीने मला पाहिलं तेव्हा मी चार वर्षांची.
आ कर, दात बघू, म्हणाली,
वासरू विकत घेतात तशी.

तेव्हा रड हवं तेवढं, पण पेज संपव.
बाळाच्या कागदांचं, तुझ्या विसाचं
नंतर बघू, खिडक्या उघडतात दहाला.

सकाळी समुद्रावर जाशील तेव्हा
पाऊल रुतलं तर ओढू नकोस.
थांब. टाच थोडी हलव,
वाळू आपणच सोडते.

आणि टॉर्चचे सेल.
विसरशील.