किल्लीचं भोक

मोखोत्लोंगच्या डोंगरात झाडं जवळजवळ नाहीतच.
चुलीला शेणाच्या खापा, वाळकं झुडूप
आणि धीर लागतो.

मात्लालेंग बटाटे धुते.
त्याच पाण्यात वाट्या. त्याच पाण्यात चमचे.
मग ते पाणी, तीनदा राबलेलं, गढूळ,
उंबऱ्यापासून एकोणीस पावलं घेऊन जाते
दोन्ही हातांनी,
झोपलेलं मूल न्यावं तसं.

बाग तिची केवढी?
दगडांचं गोल जोतं, कमरेइतकं,
समोरून एक खाच, माणूस शिरेल एवढी.
आभाळातल्या घारीला
कुलपाचं भोक दिसत असेल.
मधोमध काटक्यांची उभी टोपली.
तिला पाणी पाजायचं, साली, राख, हाडं चारायची,
ती सगळ्या मुळांना वाटून देते.
कुणाला कमी पडल्याची तक्रार
अजून आलेली नाही.
तळाशी गंजके डबे पुरलेत.
का, विचारलं तर म्हणते,
मातीलाही दात हवेत.

जोतं उंच, कारण गुडघे म्हातारे.
दगड फुकट.
शेण शेजारच्या गाईचं, त्याबदल्यात बिटाची पानं.
विकतचं एवढंच: मीठ, तेल, आगपेटी
आणि मक्याच्या पिठाचं पोतं,
ज्याच्या किमतीवर ती महिन्यातून एकदा
दुकानातच उभी राहून मोठ्यानं बोलते.

पापा म्हणतात तिकडे मक्याच्या घट्ट उकडीला.
बापाला वेगळा शब्द आहे.
तो या घरातून फार पूर्वी
खाणीकडे निघून गेला.

लेकीचं नाव त्लालेंग.
म्हणजे दुष्काळात जन्मलेली.
आणि आईला तिथे
पहिल्या लेकराच्या नावानंच हाक मारतात.
तेव्हा छत्तीस वर्षं ही बाई
दुष्काळाची आई म्हणून ओ देते आहे,
हातात भाजीची जुडी धरून.

जूनमध्ये, तिकडच्या ऐन थंडीत,
त्लालेंग बसमधून उतरली.
मासेरूतली जीन्सची फॅक्टरी बंद झाली होती.
अकरा वर्षं तिनं मागचा डावा खिसा शिवला.
फक्त डावा.
सामानात एक गोणी चिंध्यांची
आणि पाहुणीनं आणावी तशी पुडीत साखर.

'मी पैसे पाठवणार होते गं,' ती म्हणाली.
आई म्हणाली, 'तो दगड उचल.
खालचा नको, तो बसलाय.'

रात्री हिव पडणार होतं.
दोघी कंदिलापाशी चिंध्या जोडत बसल्या,
निळ्या, जाड, कुठल्या देशातल्या
कुणाच्या मांडीच्या मापाच्या, देव जाणे.
टोपलीसाठी मधे भोक ठेवून
गोल गोधडी झाली.
लेकीनं सवयीनं तिला तीन खिसे लावले,
आणि आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली.
मग त्यांनी कांद्याला, गाजराला, पालकाला
नीट खोचून पांघरूण घातलं.

सकाळी खिशांत पांढरं हिव साठलेलं.
ऊन आल्यावर ते पाझरलं
आणि कुणीही न शिंपता मुळाशी गेलं.

मोरोहो करायला फार काही लागत नाही.
पानं देठांसकट बारीक चिरायची,
कांदा, चमचाभर तेल, मीठ बोटानं.
पाणी घालायचं नाही,
पान आपलं पाणी घेऊनच येतं.
तीन पायांच्या काळ्या भांड्यात
टोपलीभर हिरवं ओंजळभर होतं,
आणि दोघींना पुरतं,
म्हणजे पुरवायचं असतं.

त्लालेंगनं बोटं चाटली.
शहरात, ती म्हणाली, मी हे पंधरा मालोटीला घ्यायचे,
आणि त्याला चव नव्हती.
आईनं खरवड तिच्याकडे सरकवली.

जेवण झाल्यावर लेकीनं भांडी धुतली,
तसराळं उचललं, दार उघडलं
आणि बाहेर भिरकावणार,
इतक्यात आतून नुसतंच 'अं' ऐकू आलं.

ती थांबली.
मग काळोखात पावलं मोजत गेली.
तिची सोळाच भरली.