दगड नसलेल्या शिवारात

पूर्णेच्या अलीकडे, आमच्या भागात
कुत्र्याला भिरकावायला दगड सापडत नाही.
ही म्हण नाही. मी एकोणीस वर्षं
मोजणी खात्यात साखळी ओढली,
वावरावावरांतून अनवाणी फिरलो,
टाचेला कधी खडा टोचला नाही.
विहीर खणताना काठावर बसून पाहिलंय :
वर काळं, खाली काळं, मग पिवळट चोपण,
मग पाणी,
जे जिभेला लागलं की एक डोळा आपोआप मिटतो
आणि ज्यात तुरीची डाळ
सकाळपासून शिजत ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा.

पोरं चिंचा पाडायला ढेकळं मारतात.
ढेकूळ वर जाताजाताच फुटतं,
निम्मं मारणाऱ्याच्या डोळ्यात.
चिंच जागच्या जागी.

दगड इथे पाहुणा.
उत्तरेला, आभाळ निवळलं की
गाविलगडाची निळी रेघ दिसते,
तिकडून तो गाडीत बसून येतो.
वच्छलाबाई अढाऊ नवी नवरी होऊन आली
तेव्हा गाडीत मागे धुण्याचा दगड होता.
गाडी उलाळू नये म्हणून
पुढे जुवाजवळ तीन जाड करवल्या बसवल्या होत्या
आणि एक हसायची थांबत नव्हती.
भांड्यांवरची नावं घासून गेली,
गादीचा कापूस दोनदा पिंजून झाला,
दगड आहे.
फक्त दर दोनेक वर्षांनी
पहारीने उपटून वर घ्यावा लागतो.
माती त्याला हळूहळू आत ओढते,
झोपेत पांघरूण ओढावं तशी.

चैत्रात वावर उघडतं.
भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो,
आणि आत गार असतं.
किल्ली गेली, जोडवं गेलं,
एकदा कोंबडीचं पिल्लू गेलं, रात्रभर चिवचिवलं.
पुढे माती फुगते, ओठ मिटते.
गिळलेलं कधीतरी वखराच्या पाशीला लागतं,
पण ज्याचं त्याला नाही.
पुंजाजी अढाऊला एक घुंगरू मिळालं.
त्याच्या घरात सात पिढ्या
घुंगराचा बैल नव्हता.

त्याच पुंजाजीचा आणि अजाबराव तायड्याचा
धुऱ्यावरून वाद.
आम्ही तिसऱ्यांदा मोजलं. पुन्हा दोन बोटं कमी.
साहेब म्हणाले, साखळी सैल धरली तू.
मी काही बोललो नाही.
हद्दीचा गोटा तिरपा झाला होता,
उभ्याउभ्या पेंगणाऱ्या माणसासारखा.

"गोटा चालला तुमचा," मी म्हटलं.
"गोट्याले काय पाय असतेत?"
"गोट्याले नाही. मातीले असतेत."

सरळ करायला खणू लागलो.
हातभर खाली पहार खणकन वाजली
आणि आम्ही चौघंही दचकलो,
कारण या जमिनीत तसा आवाज होतच नाही.
खाली दुसरा गोटा. जुना,
कोणाच्या आजाने, कोणत्या सरकारने रोवलेला,
कुठल्याच नकाशात नाही.

दोन बोटं जमीन तिथेच राहिली.
अजाबराव म्हणाला, हा मी नेतो, दाराशी पायरी करीन.
पुंजाजी म्हणाला, अर्धा माझा.
साहेबांनी टोपी काढून घाम पुसला,
दगडाची वाटणी कुठल्या नियमात बसते
ते आठवत बसले.

भाकरी घेऊन वच्छलाबाई पांदणीने आली.
दुरडी खाली ठेवली.
ओला, मातीने माखलेला तो दगड
तिने पदराने पुसला,
त्यावर तळवा ठेवला,
कपाळ बघतात ताप आलेल्याचं, तसा.

"हा आमच्याइकडचा हाये," म्हणाली.

कोणी वाद घातला नाही.
मी उगाच उत्तरेकडे पाहिलं.
धूळ होती, रेघ दिसत नव्हती.
ती दगडावर टेकली,
पाय थोडे लांब केले,
आणि गोड्या पाण्याची बाटली आधी
अजाबरावाकडे सरकवली.
साखळी माझ्या खांद्यावर तापत होती.