काल रात्री कुठे झोपलात?

फॉर्मवरचा पहिला प्रश्न नावाचा नाहीच.
काल रात्री कुठे झोपलात?
ऑरविल म्हणाला, झोपलो कुठे, पडलो होतो.
मी यादीतून निवडलं : पुलाखाली.
यादीत 'पडलो होतो' नाही.

डुलुथचा जानेवारी. सुपीरियरवरून वारा सुटलेला.
टॅबलेट हातमोज्यातलं बोट ओळखत नाही,
मोजा काढावाच लागतो,
आणि प्रश्न बेचाळीस.

इस्पितळात तो ऑरविल बोल्यू,
निवाऱ्यात कुणी कानावर पडलं तसं लिहिलेला बोलिओ,
व्यसनमुक्ती केंद्रात नुसता ओ. बी.,
जन्मतारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल.
तीन संगणकांत तीन माणसं
आणि पुलाखाली ब्लँकेट एकच.

या हाताचं त्या हाताला कळू नये, म्हणतात.
इथे नेमकं तेच पाळलं गेलं, वर्षानुवर्षं.
इस्पितळाने अकरा वेळा इन्सुलिन दिलं
आणि अकराव्यांदा शेरा मारला : रुग्ण सहकार्य करत नाही.
निवाऱ्याने लिहिलं : नऊनंतर आला, जागा नाही.
दोन्ही वाक्यं खरी.
एकमेकांना कधी भेटलेली नव्हती, इतकंच.

आमची नर्स मार्लिस बर्फात गुडघ्यांवर बसली.
कुपी ठेवतोस कुठे?
त्याने शर्टाच्या आतून, काखेतून काढली,
घरट्यातून पडलेलं पिल्लू दाखवावं तशी.
परवा झोपेत ही बाहेर घरंगळली, म्हणाला.
गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळतं, दिसतं तसंच,
काम मात्र करत नाही.
मार्लिसने एवढीच ओळ टाइप केली :
याला औषधाआधी फ्रिज हवा. फ्रिजला भिंत लागते.

मग संमतीचा कागद. मी वाचून दाखवला.
तुमची माहिती नऊ संस्था पाहू शकतील.
म्हणजे नऊ जण मला बघणार, तो म्हणाला,
आणि मला त्यातलं कोण दिसणार?
याला रकाना नव्हता.
मी म्हटलं, मी. मंगळवारी आणि शुक्रवारी.
त्याने सही केली.
शेजारच्या वेइक्कोने केली नाही. गोदीत चाळीस वर्षं
हजेरीपटावर होतो, म्हणाला, पुरे झालं.

मार्चमध्ये खोली निघाली.
घरांच्या कचेरीतल्या लव्हॉनने मार्लिसची ती ओळ वाचली होती
आणि एकशे चाळिसाव्या नंबरवरचा माणूस वर ओढला होता.
चार दिवसांत आला नाही तर खोली पुढच्याला.
ऑरविलचा पत्ता नाही. पत्ता नव्हताच म्हणा.
फोन बंद. वेइक्को म्हणे, गेला खोकत खोकत, त्या बाजूला.

पहिला दिवस, पडदा कोरा.
दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाने लिहिलं :
सोमवारी इथे हीटरवर मोजे वाळवत होता.
तिसऱ्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघराने :
सूप दोन वाट्या, पाव खिशात, ताप असावा.
चौथ्या दिवशी, चार वाजायला दहा कमी,
तातडीच्या विभागातून, मी जिला कधी पाहिलेलं नाही तिने :
इथे आहे. थांबवून ठेवते.
गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन
मी ते शब्द पुन्हा वाचले. थांबवून ठेवते.

खोलीत आल्यावर तो पलंगाकडे गेलाच नाही.
फ्रिज उघडून उभा राहिला.
थंडी एवढीशीच असते होय, म्हणाला.
कुपी दाराच्या कप्प्यात ठेवली, अंड्यांच्या जागी,
दार लावलं, पुन्हा उघडलं,
दिवा खरंच विझतो का ते बघायला.

पुढच्या मंगळवारी मी दारात. साखर बरी. पाय बरा.
तो फॉर्म परत भरायचा असतो, पहिल्या प्रश्नापासून.
काल रात्री कुठे झोपलात?
तो चुळबुळला.
पुलाखाली. वेइक्कोलाही आता खोकला लागलाय.
कुपी इथेच होती हं, घाईने म्हणाला, फ्रिजमध्ये.

यादीतून एकच निवडता येतं.
मी मोजा काढून उभी,
बोट काचेच्या जरा वर.