यादीबाहेर

विमान उतरतं तेव्हा अर्धं बेट कुंपणाला टेकून उभं असतं.
कुणी न्यायला आलेलं, कुणी नुसतंच बघायला.
आणि मी, पातिसेपा, हातात पुठ्ठा धरून.
पुठ्ठ्यावर चार नावं. एक चुकलेलं:
बुकिंगमध्ये रिबेका होतं,
माझ्या हातानं सवयीनं लेपेका लिहिलं.

पहिली सूचना मी व्हॅनमध्येच देते.
समोरून गाडी आली की हात वर करायचा.
ओळख लागत नाही,
स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली तरी भागतं.
पण जो उचलत नाही त्याची बातमी
संध्याकाळच्या आत सगळ्या गावांत पोचते.

दुसरी : रविवारी होडी नाही, गळ नाही.
रविवारी चर्चबाहेर उभं राहून गाणं ऐका.
आमच्याकडची ती एकच गोष्ट
जिच्यासाठी ओहोटीची वेळ बघावी लागत नाही.

तिसरी : इथे नदी नाही. ओढासुद्धा नाही.
पाऊस दगडात मुरतो आणि गाळून समुद्रात जातो,
म्हणून पाणी एवढं नितळ.
अंगठी पडली तर तळाशी दिसेल,
हाताला मात्र लागणार नाही.
(जर्मन जोडपं हसलं. बाईनं अंगठी फिरवून घट्ट केली.)

मग नेहमीचंच.
तोंगोची घळ : सुऱ्यासारख्या दगडांतून वाट,
शेवटी लाकडी शिडी, आणि खाली
कुणीतरी विसरून गेल्यासारखी वाळू, चार माड.
दुपारी देवमाशांची होडी.
आई वर आली, शेजारी पिल्लू.
म्हातारे दंतवैद्य कॅमेरा विसरून
तोंड उघडं टाकून बघत बसले,
त्यांच्या खुर्चीत लोक बसतात तसे.
रात्री उंगा खेकडा : दिवसा फोडलेला नारळ झाडाला बांधायचा,
अंधारात जायचं, बॅटरी लावायची,
आणि बोटं जपायची. तो नारळ सोलतो.

रिबेका सगळीकडे आली.
शिडी उतरली, होडीत ओकली, खेकड्याला घाबरली.
फक्त हाकुपूच्या रस्त्याला
ओस घरांची रांग सुरू झाली
(छपरं उडालेली, अंगणात पपया माजलेल्या,
माणसं ऑकलंडला, कबरी तेवढ्या दारात)
तेव्हा तिनं गाडीत कुणीच बोलत नसताना विचारलं,
"इथे थांबायचं आहे का?"

यादीत नव्हतं.
मी ब्रेक दाबला.

ती सरळ गेली. वाट विचारली नाही.
तिसरं घर, निळ्या चौकटीचं.
मोबाइलमधला फोटो चौकटीपुढे धरला,
मग खाली बघितलं. कबरीवर वेल चढलेली.
तिनं ती दोन्ही हातांनी ओढली तशी
आधी "ले" निघालं, मग "पेका".
मी पुठ्ठा आसनाखाली सरकवला.

तिच्या आजीनं मला चटया विणायला शिकवलं होतं,
आणि एकदा कानाखाली दिली होती, आंबे चोरले म्हणून.
मी मुलीला यातलं काही सांगितलं नाही.
विळा दिला.
विळा धरायची तिची पद्धत इतकी वाईट होती
की मला थोडं रडू आलं.

जर्मन जोडपं सावलीत उभं राहिलं,
चर्चबाहेर उभं राहतात तसं.
दंतवैद्यांनी घड्याळ बघितलं, चष्मा पुसला,
आणि मला बाजूला घेऊन विचारलं,
हे सहलीत धरलेलं आहे का,
की याचे वेगळे द्यायचे?

मी म्हटलं, याला दर नाही.

त्यांनी मान हलवली.
टोपी काढून कुंपणाच्या दगडावर ठेवली.
दगड धुवायला पाणी लागणार होतं
आणि या बेटावर नदी नाही हे त्यांना आता पाठ होतं.
बादली उचलून ते शेजारच्या टाकीकडे निघाले.
वाटेत एक गाडी गेली.
दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्यांनी
बादलीच वर केली.