सत्तावन्न पैसे

सातपूरच्या शेडमध्ये, कूलर बंद पडलेल्या केबिनमध्ये
कोठावदेबाई पाच वर्षं पुढचा रुपया
मागे ओढून आणतात.
बारा टक्क्यांनी झिजत झिजत
टेबलापर्यंत पोचतो तेव्हा
सत्तावन्न पैसे उरलेला असतो.

नवं मशीन अडतीस लाख. आयुष्य सात वर्षं.
पैसे फिटायला चार वर्षं दोन महिने.
निव्वळ वर्तमान मूल्य
(पेन्सिल थांबते)
अधिक. पण चहावरच्या सायीएवढं.
ऑर्डरी दहा टक्के घटल्या
की वजा.

मग नकोच, असं लिहून त्या खोडतात.
न घेण्याचाही एक रकाना हवा ना?
जुना लेथ, पुस्तकी किंमत एक रुपया,
चालतो तो निकुंभमामांच्या बोटांवर,
आणि मामांची उरलीत सव्वादोन वर्षं.
त्यानंतरचे आकडे
त्यांनी कधी मांडलेच नव्हते.

संध्याकाळी अंबड लिंक रोडवरून
ट्रक धुरळत जातात.
बाई शेडमध्ये उतरतात, विचारायला.
मामा मान वर करत नाहीत.
कोपऱ्यात फरशीवर खडूने
चौकोन आखलेला, आठ बाय सहा,
पायाची खोलीसुद्धा लिहिलेली,
अन् एका बाजूला
त्यांच्या स्टुलापुरती जागा
सोडलेली.