मुक्कामाचा रकाना

फेब्रुवारी. व्हाइटहॉर्समध्ये उणे अडतीस.
मोटारसायकल गॅरेजात, गोधडीखाली.
तिची बॅटरी तेवढी आत आणलीय,
फ्रिजशेजारी ठेवलीय, आजारी मांजरासारखी.
ऑगस्टाने दोनदा विचारलं,
हिला जेवायला काय घालायचं?

मी चौकटीची वही उघडतो.
डेम्पस्टरच्या फाट्यापासून ईगल प्लेन्स
तीनशे एकोणसत्तर किलोमीटर, मध्ये थेंब मिळत नाही.
माझी टाकी तीनशे दहाला हात टेकते.
म्हणजे पाच लिटरचा डबा, डावीकडे.
उजवीकडे तंबू, तोल राहावा म्हणून.
खाली दोन रेघा ओढतो, जणू निम्मा रस्ता कापला.

सव्वीस वर्षं हा रस्ता मी वरून पाहिला,
अठरा चाकांवरच्या केबिनमधून,
हीटर पायाशी, थर्मास मांडीशी.
कुठे खड्डा, कुठे चढ,
कुठल्या वळणाआधी गियर उतरवायचा,
झोपेतून उठवून विचारा.
पण एंजिनिअर क्रीकच्या तांबड्या पाण्याला
वास असतो म्हणतात.
मला ठाऊक नाही. काच कायम वर.

धूळ बसावी म्हणून रस्त्यावर मीठ मारतात,
पाऊस पडला की त्याचा साबण होतो.
ट्रकला हे कळतही नसे.
दगड पाटीचा, धार सुरीची:
ट्यूब दोन, पंप एक, पान्यांचा संच.
अस्वलासाठी फवारा, डासांसाठी जाळी.
(अस्वल भेटेल न भेटेल. डास भेटणार.)

आणि ट्रक.
इथे पेन थांबतं.

कुठलं साल ते आता नाही सांगता येत, जुलै असावा,
ब्लॅकस्टोन नदीच्या पुढे
पिवळ्या जाकिटातला एक जण समोरून आला.
मी वेग कमी केला नाही.
शेवटची फेरी गाठायची होती. किंवा नव्हती.
आरशात पाहिलं: धूळ,
धुळीत पिवळा ठिपका,
मग नुसती धूळ.
पुढे शंभर किलोमीटर वायरलेसला कान लावून होतो.
कुणी काही बोललं नाही.
म्हणजे ठीक असणार तो.
असणारच.

लिहितो: ट्रक दिसला की कडेला थांबणे.
मान खाली. हात वर.
‘हात वर’ खोडतो.
पुन्हा लिहितो.

रात्री मावशीला फोन, फोर्ट मॅकफर्सनला.
ती अजून टीटलिट झेच म्हणते.
मी मोटारसायकल म्हणतो,
ती म्हणते, ट्रकचं काय झालं?
मग सांगते, जूनच्या आत निघू नकोस,
पीलचा बर्फ फुटला आणि फेरी लागली नाही
तर तू त्या काठाला, मी या काठाला.
हे ती मला सांगते. मला!
मी हो म्हणतो.

मणी आण, अकरा नंबरचे, निळे.
मागच्या वेळचे निळे निळे नव्हते.
सुयाही आण, बारीक,
डोळे माझे गेलेत, सुईचे नकोत जायला.
मी पान्यांचा संच निम्मा करतो.
मण्यांना जागा.

राहणार किती दिवस?

वहीत अंतर आहे, पेट्रोल आहे, वजन आहे,
कुठे किती वाजता, तेही आहे.
सव्वीस वर्षं तिच्या दाराशी
इंजिन चालू ठेवून उभ्याउभ्या चहा प्यालो.
बंद केलं तर थंडीत परत सुरू होत नाही, म्हणायचो.
जुलैतही म्हटलंय.
तिने कधी खोटं पाडलं नाही,
कपाला झाकण तेवढं दिलं.

किती दिवस रे?

पट्टी शोधतो. एक रकाना नवा आखतो,
जरा तिरका येतो.
वर लिहितो, मुक्काम.

बघू, मी म्हणतो.

बघू नकोस, लिही, मावशी म्हणते
आणि फोन न ठेवता
थांबून राहते.